पाहुण्याला विचारायचं नसतं

सुखुम, ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय लामारा,

हे पत्र बाजारासाठी पलीकडे ये-जा करणाऱ्या त्सियालामावशी आणून देतील. सीमेच्या पुलावरच्या शिपायांनी पोतं उपसलं नाही तर अक्रोडांच्या तळाशी तुला ते सापडेल. अक्षर ओळखशील ना? सातवीत माझ्या वहीतली गणितं उतरवून घ्यायचीस आणि वर मलाच झापायचीस, ‘एस्मा, तुझा एक आणि सात सारखाच दिसतो, माझे मार्क जातात!’ चोर तो चोर, वर शिरजोर. माझा सात अजून तसाच आहे. तीस वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता एवढं बाड पाठवते आहे. चिडशील. चीड, पण शेवटपर्यंत वाच.

आम्ही कुठे राहतो हे तुझ्या कानावर आलंच असेल. आम्ही तुमच्या घरात राहतो. हे वाक्य आज पहिल्यांदा कागदावर लिहिलं, आणि लिहून झाल्यावर उठून पाणी प्यायले. स्वयंपाकघराची खिडकी अजून अर्धीच उघडते. तुझ्या वडिलांनी, वार्लामकाकांनी, आल्डरच्या झाडावर चढवलेली द्राक्षवेल आता छपरापर्यंत गेली आहे आणि दर शरदात आई मला शिडीवर चढवून द्राक्षं काढायला लावते. खाली उभी राहून ‘तो घोस राहिला, आंधळी आहेस का?’ असं ओरडते. आई अठ्ठ्याहत्तरची झाली, पण आवाज तोच आहे.

मी परराष्ट्र खात्यात आहे, चौदा वर्षं झाली. हसू नकोस. आम्हाला देश मानणारे देश एका हाताच्या बोटांवर मोजावेत, आणि त्यातलंही एखादं बोट मधूनच मिटतं. माझं टेबल दूरच्या देशांचं. समुद्रातल्या बेटांना पत्रं लिहायची, त्यांच्या राष्ट्रीय दिनाला शुभेच्छा द्यायच्या, वादळ झालं की दुःख कळवायचं. उत्तर बहुधा येत नाही. आमचे मोठे साहेब दाउर म्हणतात, ‘एस्माबाई, आपलं काम म्हणजे बंद दार वाजवत राहणं. कंटाळायचं नाही, आणि लाथही मारायची नाही.’ माणूस वाईट नाही. तुमच्या माणसांशी झालेल्या युद्धात त्यांचे दोन भाऊ गेले, माझा एक, अस्तामुर, गेला. तुला तो आठवत असेल, तुझ्या वेण्या बाकाला बांधायचा.

तर गेल्या महिन्यात एका बेटावरून खरोखरच पाहुणा आला. तोमासी त्याचं नाव. धिप्पाड, हसरा, अंगात फुलाफुलांचा शर्ट. पत्रव्यवहार माझाच होता आणि त्याच्याकडे सरकारचं अधिकारपत्र आहे का हे पाहायचं कामही माझंच. विमानतळावरून येतानाच मी दाउरसाहेबांना म्हटलं, ‘कागद मागून घेऊ का?’ ते दचकलेच. ‘अहो, अजून घासभर जेवला नाही तो! दारात आलेल्याला का आलास, किती दिवस राहणार असं विचारलं तर माझे आजोबा थडग्यातून उठून माझ्या कानाखाली वाजवतील. पाहुण्याला विचारायचं नसतं. सांगेल आपणहून.’ खरं सांगू? मलाही तेच बरोबर वाटलं. आपण दोघी त्याच वळणावर वाढलो. तुझी आजी मात्र आम्ही फार दिवस मुक्काम ठोकला की डोळे मिचकावत म्हणायची, ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.’ आणि लगेच माझ्या ताटात आणखी एक चीजची पोळी टाकायची.

हॉटेलात पाहुणा नुसता जेवतो, घरात तो आपला होतो, असं ठरलं आणि मेजवानी आमच्या अंगणात झाली. ‘आमच्या’ हा शब्द खोडणार होते, पण राहू दे, तुला कळू दे मी कसं बोलते ते. वेलीखाली लांब टेबल मांडलं. मक्याच्या पिठाचं घट्ट आबिस्ता, धुरावलेलं मांस, लाल मिरच्यांची आजिका, आणि जमिनीत पुरलेल्या रांजणातली आपली वाइन. पहिल्या दिवशी जेवण, दुसऱ्या दिवशी समुद्र, तिसऱ्या दिवशी पुन्हा जेवण. अधिकारपत्राचा विषय कुणी काढला नाही. तिसऱ्या दिवशी तोमासीनं आम्हाला देश मानल्याच्या करारावर सही केली. टेलिव्हिजनवाले होते, कुणीतरी हवेत बार काढले, दाउरसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही रडले, लामारा. एवढी वर्षं दार वाजवल्यावर आतून कुणीतरी ‘या’ म्हणालं तर कुणाला रडू येणार नाही?

मग त्या माणसानं पेला उचलला आणि मला विचारलं, ‘वाइन फार छान आहे. ही वेल कुणी लावली?’ त्यांच्याकडे म्हणे जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असू शकतं, आणि फळ खाताना लावणाऱ्याचं नाव घेतात. मी भाषांतर करत होते. माझ्या तोंडून पटकन निघालं, ‘माझ्या वडिलांनी.’ इंग्रजीत खोटं बोलणं सोपं जातं. पण त्याचा हात वेलीकडे गेलेला आईनं पाहिला होता. तिनं विचारलं, ‘काय म्हणतोय तो?’ मी सांगितलं. तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली. ती उठली म्हणून सगळं टेबल उठलं, मंत्रीसुद्धा. आई म्हणाली, ‘ज्याच्या वेलीची वाइन, त्याचं नाव आधी. ही वेल वार्लाम शोनियाची. हे घरही त्याचंच. पोरीला लाज वाटली म्हणून ती खोटं बोलली. देव त्याच्या लेकराबाळांना सुखी ठेवो.’ आणि तिनं पेला रिकामा केला.

उभ्या माणसांना काय करावं कळेना. प्यावं तर शत्रूच्या नावानं पिणं, न प्यावं तर म्हातारीचा अपमान. काहींनी ओठ लावले, काहींनी पेला तसाच खाली ठेवला. दाउरसाहेब प्यायले, हे मी पाहिलं. तोमासीनं मात्र गटागटा पिऊन ‘वार्लाम!’ असं दणक्यात ओरडून साजरं केलं. टेबलाच्या टोकाला कुणीतरी फोन धरून उभं होतं.

आठ दिवसांनी बेटाच्या सरकारचं पत्र आलं. हा माणूस वसंतातच निवडणूक हरलेला आहे, त्याला सहीचा अधिकार नाही, असा काही देश आम्ही मानलेला नाही. मी तोमासीला लिहिलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं: ‘मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही तर काहीच विचारलं नाही.’ जगभर आमचं हसं झालं म्हणावं, तर जगाचं लक्षही नव्हतं. ते जास्त लागलं.

मग कुणावर तरी खापर फोडायला हवं होतं आणि तेवढ्यात तो फोनवरचा तुकडा गावभर फिरला. सरकारी मेजवानीत शत्रूच्या नावाचा पेला! बंदरावर कॉफी प्यायला गेले तर ओळखीच्या बायका खुर्ची सरकवून बसल्या. दाउरसाहेबांनी मला बोलावलं, दार लावलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘लेखी खुलासा द्या, सोमवारपर्यंत. वर मागतायत. दोनच वाक्यं लिहा. आईंच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि घर तुम्हाला रीतसर मिळालेलं आहे, त्याआधी कुणाचं नव्हतं. बाकी मी सांभाळतो.’ मी विचारलं, ‘आणि नाही लिहिलं तर?’ ते म्हणाले, ‘नोकरी जाईल. घराच्या कागदावरही कुणीतरी बोट ठेवेल. बाई, हट्ट करू नका, मीसुद्धा प्यायलोय त्या दिवशी.’

तो खुलासा मी चार वेळा लिहिला. चौथा तर इतका छान जमला की मलाच खरा वाटला. काल आईला वाचून दाखवला. ती बीन्स निवडत होती. म्हणाली, ‘मला वेडी लिही, माझं काही जात नाही. पण वार्लामला पुसू नकोस.’ मी चिडले. म्हटलं, ‘आई, रस्त्यावर यायचंय का या वयात? आपलंही घर जाळलंच ना त्यांच्या माणसांनी?’ ती म्हणाली, ‘जाळलं. वार्लामनं नाही जाळलं.’ मग बीन्सचं ताट बाजूला सारून बोलली, ‘त्या बिचाऱ्या बेटवाल्याकडे कागद नव्हता म्हणून एवढा गोंधळ घातलात. आपल्याकडे कुठला आहे?’ मी म्हटलं, ‘आहे की, शिक्क्याचा.’ तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी लहान झाले. मग पिठाच्या पेटीतून एक पत्र्याचा डबा काढून तिनं माझ्यापुढे ठेवला. तीस वर्षं मी त्या पेटीतलं पीठ काढते आहे, मला पत्ता नव्हता. आत वार्लामकाकांचे घराचे कागद, निळ्या शाईतले. तुझं सातवीचं प्रगतिपुस्तक. गणितात पाचापैकी चार, माझ्या कृपेनं.

डबा पाहून मी रडले ते तुझ्या आठवणीनं नव्हे, भीतीनं. ते तुला कळायला हवं. चांगुलपणाचं सोंग मला आणायचं नाही. मला हे घर सोडायचं नाही. अस्तामुरचा फोटो याच भिंतीवर आहे, माझा मुलगा याच उंबऱ्यावर पहिल्यांदा चालला. आणि तुम्ही परत यावं असं मनापासून म्हणता येईल का, हेही मला ठाऊक नाही. तुमचीही माणसं गेली, आमचीही गेली, ती मोजायला बसलं तर आपण दोघी एका बाकावर पुन्हा बसणार नाही. पण तुम्ही नव्हतातच असं मी लिहू शकत नाही. तुझं नाव अजून कोठीच्या दारावर कोरलेलं आहे, माझ्या नावाच्या वर. तेव्हा तू माझ्यापेक्षा उंच होतीस.

म्हणून पाचवा खुलासा मी हा लिहिला. त्यांनी मागितला होता, पण द्यायचा तो तुला होता. उद्या साहेबांपुढे एकच ओळ ठेवणार आहे: आई शहाणी आहे आणि तिनं सांगितलं ते खरं आहे. वार्लामकाकांचे कागद या पत्राबरोबर पोत्यात आहेत, सांभाळून काढ. पाहुण्याला विचारायचं नसतं, आणि आम्ही आलो तेव्हा तर विचारायला घरात कुणी नव्हतंच. चूल मात्र कोमट होती. तीस वर्षं विचारणारं कुणी नाही, म्हणून आम्हीही बोललो नाही. आज आपणहून सांगते. का आलो, तर आमचं घर जळलं होतं, आईच्या पायांत जोडे नव्हते आणि तुमचं दार उघडं होतं. किती दिवस राहणार, हे मात्र मला सांगता येत नाही, लामारा. ते तू सांग. ‘नीघ’ म्हणालीस तरी चालेल, पण सांग.

तुझीच,
एस्मा
(तुमच्या घरातून)