गाळलेली आई

डिचोली, बुधवार, संध्याकाळ

चार दिवस ही वही टाळली. लिहिलं की कबूल करावं लागणार.

दुपारभर एक जाड रशियन कादंबरी वाचली. चहा तिथे बशीतून पितात, आपल्यासारखाच. धडधडीत खोटं कुणी बोलत नाही. जो तो 'म्हणे' लावून थोडं सांगतो, थोडं गाळतो, आणि शेवटी एका बाईला घराबाहेर पडणं मुश्कील होतं.

मीही तेच केलं. शिरगावची सुनंदा खाणीच्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी दिसली, एवढंच खाली हॉटेलात बोललो. तिच्या पलीकडे, खिडकीपाशी, तापाने फणफणलेली तिची आई होती, हे गाळलं. तेही सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं? नव्या राज्याच्या गप्पा, भाषेचा वाद, सगळं सोडून लोक माझ्याकडे वळले.

आज हॉटेलवाले बाबलो म्हणाले, "तुझी खबर इब्रामपूरला पावली रे. तिची सोयरीक मोडतली म्हणटात."

"खिडकीपाशी आई होती तिची."

ते हसले. "आता आवय खंयसून आणलीस?"

उद्या इब्रामपूरला जाऊन सांगावं? माझं कोण ऐकेल?

खाली स्कूटर थांबली. बाबलो जिन्यातून हाक मारतायत, "सुनंदाचो होणारो नवरो आयला रे, इब्रामपूरचो. तुकाच विचारता."