बूच वर, बूच खाली

बार्ड्सटाऊन, केंटकी
३० सप्टेंबर

आदरणीय इमेल्डाताईस,

धाकट्या भावाचा गुडघे वाकतील तेवढे वाकून नमस्कार (सध्या डावा वाकतो, उजवा नुसतं ऐकून घेतो). तुझी कंबर कशी आहे? नवीन श्रवणयंत्र कानात असतं, की अजून खोक्यातच? फोन सोडून मी पत्र का लिहायला बसलो, ते तू ओळखलंच असशील. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडलो की स्वयंपाकघरातल्या ओपलपासून रस्त्यापलीकडच्या ग्रीनवेलबाईंपर्यंत सगळ्यांना आपल्या घरचं कळतं. आजचा मजकूर ओरडण्यासारखा नाही. बाकी आम्ही खुशाल. ओपलने यंदा बिटाच्या लोणच्याच्या चाळीस बरण्या भरल्या (तळघरातल्या त्या फडताळाला मी हात लावलेला तिला अजूनही खपत नाही). डीकन कुत्रा म्हातारा झाला, तरी खड्डे उकरायची त्याची हौस काही गेलेली नाही.

तुला धंद्याची बातमी वाचायला आवडते (थेंबही न पिणाऱ्या बाईला ही आवड कशी, हे कोडं मला सत्तरीतही सुटलेलं नाही), म्हणून आधी ती देतो. आपली कोल्ड रन डिस्टिलरी समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कंपनीने घेतली. ज्या वखारीत बाबांनी चाळीस वर्षं आणि मी एकतीस वर्षं पिंपं ढकलली, तिथे आता पाहुणे येतात. एक दाढीवाले गृहस्थ त्यांना सांगतात की दर वर्षी पिंपातली थोडी व्हिस्की हवेत उडून जाते आणि तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. पाहुणे वर छताकडे बघून हसतात. ग्रीनवेलबाई मात्र हसत नाहीत. त्या उडालेल्या वाफेने वखारीभोवतीच्या भिंतींवर काळी बुरशी धरते, हे तुला माहीतच आहे. त्यांनी कंपनीवर दावा लावलाय. "देवदूत पितात ते पितात, वर तोंड माझ्या भिंतीला पुसतात!" असं त्यांनी वकिलाला सांगितलं म्हणे.

आता लग्नाचं. आपल्या रोलंडची कोरीन बारा ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी, आमच्याच मागच्या कुरणात उभी राहणार, हे आमंत्रणावरून तुला कळलंच आहे. मुलगा एमेट क्लीव्हलंडचा, गुणी आहे, डोळ्यांत बघून बोलतो. त्याचे वडील डॉक्टर थर्लो दातांचे डॉक्टर आहेत, पण जीव व्हिस्कीत. जेवायला आले होते तेव्हा खिशातून वही काढून ठेवली, पेला तीनदा फिरवला, नाक बुडवलं आणि म्हणाले, "जुनं खोगीर. मग सफरचंद. आणि शेवटी, किंचित, चर्चचं बाक." मी म्हटलं, "डॉक्टर, चर्चचं बाक तुम्ही चाटलं कधी?" ओपलने टेबलाखालून माझ्या उजव्या गुडघ्यालाच लाथ घातली. (खरं सांगायचं तर त्यांचं नाक वाईट नाही. माझ्याइतकं नाही, पण वाईट नाही.)

नमनालाच घडाभर तेल गेलं, मुद्द्यावर येतो. कोरीनने हट्ट धरला की आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे बर्बन व्हिस्की पुरायची. लग्नाआधी बरोबर एक महिना, लग्नाच्याच जागी, भरलेली बाटली उलटी पुरली की त्या दिवशी पाऊस येत नाही, आणि लग्न लागलं की ती उकरून सगळ्यांनी घोट घोट घ्यायची. तुझ्या लग्नात बाबांनी हे मोडीत काढलं होतं आणि पावसात भिजून तुझी नवरीची जाळीची ओढणी वेलीसारखी अंगाला चिकटली होती, ते मी विसरलेलो नाही. पण कोरीनला कुठलीही बाटली नको होती. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, पणजोबांची बाटली द्याल? मी त्यांना पाहिलं नाही. निदान त्यांचा एक घोट तरी मिळू दे मला." ताई, पोरीने असं म्हटल्यावर कुठल्या आजोबाच्या तोंडून नाही निघेल?

बाबांनी नोकरीच्या शेवटच्या दिवशी ढकललेलं ते पिंप आठव. मचाणावर आडवं पिंप चढवताना त्याच्या पोटावरचं बूच घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर ठेवून ढकलायला सुरुवात करायची, म्हणजे शेवटी ते बरोबर बारावर, वर तोंड करून थांबेल, हे बाबांना न मोजता कळायचं. बूच खाली गेलं की पिंप गळतं. "बूच वर, लिअँडर, बूच वर!" एवढाच उपदेश त्यांनी मला आयुष्यभर केला. आठ वर्षांनी ते पिंप फोडलं तेव्हा मुकादमाने त्यातून बाबांना दोन बाटल्या भरून दिल्या. त्यावर बाबांनी शिसपेन्सिलीने आपली नावं लिहिली, लाल मेणाने तोंडं बंद केली, एक तुला, एक मला. तुझी तुझ्या तळघरात. माझी...

माझ्या बाटलीत, ताई, बारा सप्टेंबरला साखरेचा गार चहा होता.

लगेच डोळे वटारू नकोस. बाबांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला (त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना करून आल्यावर) मी मेण फोडून एकच घोट घेतला होता. थोडी करकरीत लागली, घसा खरवडत गेली, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या वर्षी पुन्हा एक घोट घेतला, आणि काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं! लोण्यासारखी झाली होती. बाटलीत गेल्यावर व्हिस्की मुरत नाही, असं सगळे म्हणतात, मीही एकतीस वर्षं म्हणत आलो, पण आपल्या बाबांची मुरत होती. दर वर्षी मी ओपलला म्हणायचो, "याला म्हणतात व्हिस्की." ती लोणच्याच्या बरण्या पुसता पुसता म्हणायची, "हो का? तीच चव अगदी?" मग बाबांच्या वाढदिवसालाही एक घोट सुरू झाला. मग नाताळला. मग घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, कारण बाबांना शर्यत आवडायची. मग आधीचा कुत्रा गेला तेव्हा, कारण तो बाबांना आवडायचा. असे आवडीचे दिवस वाढत गेले आणि एका वर्षी बाटली उलटी केली तर थेंबही पडेना. मी लाजलो. रंग जुळेल असा चहा भरला, लाल मेणबत्ती वितळवून तोंड बंद केलं, आणि बाटली कधी कुणी मागणार नाही असं स्वतःला समजावत राहिलो.

तेव्हा आयुष्यभर बूच वर ठेवणाऱ्या माणसाची बाटली मी कोरीनच्या देखत बूच खाली करून पुरली. तिने वर एक चपटा दगड ठेवला आणि त्याला हात लावून डोळे मिटले. मी म्हटलं, महिन्याभरात काहीतरी सुचेल. साखरेचं पाणी उबदार मातीत सतरा दिवस ठेवलं की काय होतं, हे पोटापाण्यासाठी तेच बघणाऱ्या माणसाला कळायला नको का? पण शेजारच्याच्या पिंपात काय चाललंय ते मला कळतं, माझ्या बाटलीतलं कळलं नाही. काल सकाळी ओपल चर्चला गेली असताना बघतो तर डीकन दगड सरकवून खड्ड्यात नाक खुपसून बसलेला, आणि भोवती मुंग्यांची रांग. चहा आंबला होता. बूच सुटून सगळा मातीत गेला होता. म्हणजे बघ, माझ्याकडे व्हिस्कीचा चहा झाला आणि चहाची दारू, आणि दोन्ही मला मिळाले नाहीत. मी रिकामी बाटली परत पुरली, दगड ठेवला आणि डीकनला बिस्किट देऊन गप्प केलं.

मला डॉक्टर थर्लोंची भीती नाही (थोडी आहे. वही घेऊन ते सगळ्यांत पुढे उभे असणार). मला कोरीनच्या तोंडाची भीती वाटते. तिच्या वाटणीचे पणजोबा मी एकटाच पिऊन बसलो, हे तिला मी कोणत्या तोंडाने सांगू?

असो. तब्येतीला जप. जिना उतरताना कठडा धर. उजवा गुडघा पोस्टापर्यंत नेत नाही, म्हणून पाकीट नीट चिकटवून ओपलकडे टाकायला देतो आहे.

तुझा धाकटा भाऊ,
लिअँडर

ता. क. – लग्नाला येताना तुझी बाटली घेऊन ये. हात जोडतो. शुक्रवारीच ये. ओपल केक आणायला जाईल तेव्हा मी ती गुपचूप पुरतो.

ता. क. २ – बाटली उघडू नकोस. म्हणजे उघडलीस तरी हरकत नाही, पण कुणापुढे नको. तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नऊ दिवस तुझ्या घरी होतो, आठवतं? रात्रंदिवस काळजी लागलेली होती, आणि तळघर जवळ होतं. तुझ्याही बाटलीत चहाच आहे, ताई. तुझी फार करकरीत लागली, माझ्या बाटलीच्या पासंगालाही पुरणार नाही. तुझं तळघर दमट आहे, दुसरं काय. पण चहा न आंबलेला आहे ना, मुद्दा तो. वडीलधारी म्हणून पहिला घोट तुझा. तू घे आणि मोठ्याने म्हण, "बाबांचीच." तू जन्मात खोटं बोलली नाहीस, तुझ्यावर थर्लोसुद्धा विश्वास ठेवतील. आणि बाबा रोज दुपारी हाच चहा प्यायचे, तेव्हा ते तसं खोटंही नाही.

ता. क. ३ (हे अक्षर ओपलचं) – वन्सं, पाकिटाचं चिकटवणं यांना कधीच जमलेलं नाही, म्हणून वाचलं. मामंजींनी जाण्याआधी मला सांगून ठेवलं होतं, "ओपल, बाटली लिअँडरच्या हाती राहिली तर नातवंडांना वाससुद्धा मिळायचा नाही." त्या पहिल्या वर्षी यांनी घोट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळी व्हिस्की काढून घेतली आणि बाटलीत पेट्रोल पंपावरच्या दुकानातली सगळ्यांत स्वस्त व्हिस्की भरली. मामंजींची अजून तळघरात आहे, बिटाच्या मागे, "व्हिनेगर" लिहिलेल्या बरणीत. बरणीचं तोंड वर आहे. यांच्या त्या लोण्यासारख्या व्हिस्कीचं मला वीस वर्षं हसू येतंय, पण बोलले असते तर कोरीनच्या वाट्याचीही उरली नसती, म्हणून आजवर बोलले नाही. तुम्ही चहासकट बाटली घेऊन या, शुक्रवारी आपण दोघी भरू. पावसाची काळजी नको, तंबू सांगितलाय. कोरीनला पोटभर घोट देऊ. आणि पहिला मात्र यांना. करकरीत लागली की तोंड कसं करतात, ते मला बघायचंय.