हाताला इचार

आबा, आज मला परत क्रेनवर बसवून बघितलं. हे ओडिशातलं बंदर, तुम्ही नाव ऐकलेलं नसणार. तुम्ही गेलात आणि माझी शाळा सुटली. तशी ती सुटणारच होती म्हणा, माझा पाय कुठं ठरत होता. मग पोकलेन, मग क्रेन, असं करत समुद्रापर्यंत आलो. मागच्या पावसाळ्यात वायररोपचं तुटकं टोक उजव्या मनगटात घुसलं आणि आतला मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी तो जोडला, पण आतले धागे वाढताना दुसऱ्याच्या कळपात शिरलेल्या मेंढरांसारखे भलतीकडे गेले. अंगठ्याला काही लागलं की मला मधल्या बोटाला लागल्यासारखं वाटायचं. क्रेन चालवताना नजर खाली हुकावर असते, दांडा हातालाच कळावा लागतो. नाही कळला तर केबिन गेली, मग गोदामात खुर्चीवर बसायचं. केबिनमध्येही मी बसलेलाच असतो, पण तिथं सगळं बंदर माझ्या हाताखाली फिरतं.

हाताचे व्यायाम घेणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांनी तांदळाच्या डब्यात किल्ली, बटण, नट असं काहीबाही पुरलं आणि डोळे मिटून ओळखायला सांगितलं. आबा, मला तिथंच आपलं पळसदेव गाव आठवलं. उन्हाळा आहे, धरणाचं पाणी मागं सरलंय, जुन्या देवळाचा कळस वर आलाय. मेंढरं धुऊन वाळली आहेत. तुम्ही एकेक मेंढी मांडीला आडवी घेता, कातर चालवता आणि मधेच लोकरीचा पुंजका माझ्या हातावर ठेवता.

"डोळं मीट. कुनाची हाय?"

"काळीची."

कातर चालूच राहते.

"मग बांडीची?"

"अंदाज नगं मारू. हाताला इचार."

मी बोटं फिरवत राहतो. "कोकराची हाय. पयल्या कातरणीची."

"हां."

एवढंच. पण ते "हां" तिथल्या तिथं यायचं, पुंजका बोटांत असतानाच. संध्याकाळी मी मुद्दाम विचारायचो, आज बरोबर सांगितलं ना? तर तुम्ही म्हणायचात, "तवाच म्हणलो की. आता काय शिळं हां खातूस?" आई चुलीपासून ओरडायची, "अवं, पोराच्या हातात पुस्तक द्या, लोकर काय देताय." त्यावर तुम्ही, "पुस्तक डोळं मिटून वाचता येत न्हाय." एकदा तीनदा चुकलो आणि पुंजका फेकून दिला. तुम्ही रागावला नाहीत. कातर खाली ठेवून म्हणालात, "जा, डुंबून ये. रागात हाताला काय बी कळत न्हाय."

मॅडमनीही तेच सांगितलं, फक्त हिंदीत. मेंदूच्या वरच्या थरात हाताचा नकाशा असतो म्हणे, आणि तो दगडात कोरलेला नसतो. मन लावून हात फिरवला की मेंदूत एक रसायन सुटतं, ते त्या जागेला जागं करतं. ओळख बरोबर निघाली की दुसरं सुटतं, आणि मेंदूतल्या नुकत्याच कामाला आलेल्या जोडण्या त्यानं घट्ट होतात. असं पुन्हा पुन्हा झालं की नकाशा बदलतो. मन दुसरीकडं ठेवून नुसतं चाळत बसलं तर फारसं काही होत नाही, आणि चिडलात तर थांबा. मला हसू आलं. म्हणालो, मॅडम, हे दुसरं रसायन आमच्या आबांच्या तोंडात होतं. त्यांना वाटलं तुम्ही तंबाखू खायचात.

आता आपली मेंढरं नाहीत, ती बसायची तिथं थोरल्यानं ऊस लावलाय. पण आईनं तुमच्या घोंगडीचा एक तुकडा गावाकडून येणाऱ्याबरोबर पाठवला. तो मी तांदळात पुरला. बरेच दिवस तो मधल्या बोटाला टोचायचा. एका सकाळी तो अंगठ्याला टोचला, जिथं टोचायला हवा तिथं. खोलीतला बिहारचा जोडीदार म्हणाला, "काटा लगा क्या?" म्हटलं, हो, लागला एकदाचा.

तर आज. आधी रिकामा हुक फिरवला, मग साहेबांनी पत्र्यांचा गठ्ठा उचलायला दिला. दांडा अंगठ्याखाली होता आणि अंगठ्यालाच कळत होता. गठ्ठा खाली टेकला तेव्हा धूळसुद्धा उडाली नाही. खालच्या सिग्नलवाल्यानं हात वर केला, वायरलेसवर साहेब म्हणाले, कल से आ जाओ. उतरायला हवं होतं.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवतो, म्हणून सांगतो. सगळ्यांनी बरं म्हटल्यावरही मी दांड्यावर हात ठेवून तसाच बसून राहिलो होतो. तुमचं "हां" यायचं राहिलं होतं.