पेन्सिलीपेक्षा बारीक

डोणगाव

प्रिय गोपाल,

अक्षर बिघडलंय, सांभाळून घे. पालथा पडून लिहितोय. छातीखाली उशी आहे आणि पुतणीच्या, महनूरच्या, परीक्षेच्या पुठ्ठ्यावर कागद लावलाय. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी उताणं झोपायला मनाई केलीय. त्यामुळे सध्या मला दिसते ती फरशी, राबियाच्या चपला आणि भेटायला येणाऱ्यांचे पाय. पायांवरून माणूस ओळखायला शिकलोय. शेतातून थेट आलेला कोण, मशिदीतून आलेला कोण, सगळं समजतं. तुझे पाय मात्र या घरात बऱ्याच वर्षांत आले नाहीत. तक्रार म्हणून लिहीत नाही.

आपलं डोणगाव आहे तसंच आहे. स्टँडमागच्या हॉटेलातली मंडळी अजून संध्याकाळी माझ्याकडे येतात. टीव्हीवर लढाईच्या बातम्या लागल्या की जरा जास्तच येतात. मोबाईलवर बंदुकांचं काहीतरी पाहून येतात आणि विचारतात, "जाकीरभाई, एके भारी का इन्सास भारी?" दोन पैलवानांची जोड लावावी तसं. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू. कमरेखाली काही उरलं नाही अशा माणसाला कोणी काही विचारायला आलं, की तो घटकाभर उस्ताद होतो. मी महनूरची पेन्सिल मागवतो आणि सुरू करतो. म्हणतो, एकेची गोळी या पेन्सिलीपेक्षा थोडी जाड. एसएलआरची तेवढीच जाड, पण तिचं काडतूस लांब, दारू जास्त, म्हणून ती लांब जाते आणि झाडाच्या खोडातूनही पार होते. जाडी सारखी असली तरी एकीचं काडतूस दुसरीत बसत नाही. इन्सासची गोळी पेन्सिलीपेक्षा बारीक. वजनाला एकेच्या गोळीच्या निम्मी, पण वेग कितीतरी जास्त. एके चिखलात पडो, पाण्यात पडो, चालते. दूरचा नेम मात्र इन्सासचा चांगला. मग कोणीतरी हमखास विचारतं, "अन् तुले कोणती लागली होती?" मी म्हणतो, "एके." ते माना हलवतात. एकेची गोळी पाठीत घेऊन जगलोय म्हणून माझा मान वाढतो.

तुला आपलं भरतीनंतरचं ट्रेनिंग आठवतं का? पहिल्या दिवशी एसएलआरने तुझा खांदा असा हाणला होता, की रात्री तू डाव्या हाताने जेवत होतास. पुढे इन्सास हातात आली तेव्हा तू म्हणालास, "जाक्या, हे तं खेळणं हाय बे, धक्काच मारत नाही." तुझा नेम सगळ्या तुकडीत चांगला होता. उस्ताद तुझ्या टार्गेटचा कागद बाकीच्यांना दाखवायचे आणि मला म्हणायचे, तू याच्या मागे मागे राहा. पण जंगलात उलटं व्हायचं. मी पुढे आणि तू माझ्या मागे. मलाच ते बरं वाटायचं. पाठ तुझ्याकडे असली की मी मागे वळून पाहत नव्हतो.

छत्तीसगडमधल्या त्या नाल्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. आज लिहितो. नाल्याच्या पलीकडून नक्षल्यांचं फायरिंग सुरू झालं तेव्हा मी त्या पडलेल्या झाडामागे पालथा झालो. समोरून एसएलआर चालत होती, तिचा तो जाड, फुटल्यासारखा आवाज. मध्ये एके. आपली बाकीची माणसं उजवीकडे पांगलेली. माझ्या डाव्या अंगाला तो मोठा काळा दगड होता, त्याच्याआड कोणीतरी हललं होतं, आणि माझ्या मागे, इन्सास घेऊन, तू. फक्त तू. मला एवढंच आठवतं, की डावीकडून मागून पाठीत कोणीतरी लोखंडी सब्बल मारावी तसं झालं आणि पाय नाहीसे झाले. दुखलंसुद्धा नाही आधी. मी हाताने चाचपून पाहिलं, पाय जागेवर होते, पण ते दुसऱ्या कोणाचे तरी वाटत होते. मग तू मला ओढलंस, उचललंस, आणि हेलिकॉप्टरपर्यंत कोणालाही माझ्या अंगाला हात लावू दिला नाहीस. रस्ताभर तू काहीतरी बडबडत होतास. मला वाटलं हनुमान चालिसा म्हणतोयस. नंतर कळलं, तू नुसता "नाही नाही नाही" म्हणत होतास.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गोळी मणक्याला चिकटून बसलीय, काढायला गेलो तर माणूस जाईल, राहू द्या. साहेब आले, म्हणाले, पाठीत लागली म्हणजे त्यांनी मागूनही घेरलं होतं. मी मान हलवली. तू वॉर्डाच्या दाराशी बसला होतास, दाढी वाढलेली. आत आलास आणि माझ्याकडे न पाहता विचारलंस, "जाक्या, कोणती होती बे?" मी म्हणालो, "एके. आवाज ऐकला मी." तू खाटेच्या लोखंडावर डोकं टेकून रडलास. पण गोपाल, गोळी आवाजाच्या आधी पोचते. ज्याला लागते त्याला तिचा आवाज आधी ऐकू येत नाही. हे आपल्याला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं आणि तू वर्गात झोपणारा नव्हतास. माझं खोटं तुला तिथेच समजलं असणार. तुला ते समजलंय हे कळायला मला मात्र वेळ लागला.

गोपाल, मले माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गोळी तुझी होती.

लिहून झालं. आता हात हलका झाला, पुढचं सरळ लिहितो.

मी मोठ्या मनाचा माणूस आहे म्हणून गप्प राहिलो असं समजू नकोस. सुरुवातीला मी तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्यात, की तेवढ्या आपण बराकीत मिळून दिल्या नसतील. राबिया माझी लघवीची पिशवी बदलायची, तोंड दुसरीकडे करून. तेव्हा आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी छताकडे पाहत विचार करायचो, गोपाल या वेळी चालत असेल. कुठेतरी चहा प्यायला चालत गेला असेल. तुझ्या चालण्याचा मला राग यायचा. नाव सांगितलं असतं तर चौकशी झाली असती, तुझी वर्दी गेली असती, कदाचित जेलही. ओठांवर कितीदा तरी आलं. पण वॉर्डाच्या दारातला तू डोळ्यांसमोर यायचास आणि मी ते गिळायचो.

मग गावाने आपला सत्कार ठेवला. मी खुर्चीवर आणि तू माझ्या मागे उभा. जखमी साथीदाराला जंगलातून उचलून आणणारा बहादूर जवान म्हणून सरपंचांनी तुझ्या गळ्यात हार घातला. टाळ्या थांबेनात. मी मान वळवून वर पाहिलं तर तुझा चेहरा फाशी द्यायला नेत असलेल्या माणसासारखा. तू स्टेजमागे जाऊन ओकलास. लोक म्हणाले, उन्हाचा त्रास झाला. त्या दिवशी माझा राग गेला असं नाही, पण त्याला धार उरली नाही. मला वाटलं, माझे पाय गेले ते तरी सगळ्यांना दिसतात, याचं काय गेलं ते कोणालाच दिसत नाही. त्यानंतर तू यायचा थांबलास. नोकरी सोडलीस, मलकापूरला सासरवाडीजवळ राहायला गेलास, कापसाच्या जिनिंगच्या गेटवर वॉचमन झालास. बंदूक देत होते तर नको म्हणालास आणि काठी घेतलीस, हेही कानावर आलं. तेव्हाच मी तुला लिहायला हवं होतं की काय, कोण जाणे. मला वाटायचं, एकेवर तुझा निदान अर्धा तरी विश्वास बसलाय, तेवढ्यावर तू जगतोयस, तर राहू दे.

यंदा गोळीभोवती पू झाला. ताप उतरेना. अकोल्याला नेलं, आणि एवढ्या वर्षांनी डॉक्टरांनी ती काढली. वाटीत घालून माझ्यासमोर ठेवली. मी तिचं बूड महनूरच्या पेन्सिलीला लावून पाहिलं. पेन्सिलीपेक्षा बारीक. राबिया बाजूलाच उभी होती. संध्याकाळच्या मंडळींसमोर माझं भाषण तिने इतक्यांदा ऐकलंय, की तिला काही सांगावं लागलं नाही. ती फक्त म्हणाली, "ये एके की नहीं है." मी म्हणालो, त्या लोकांकडेही लुटलेल्या इन्सास होत्या. ती वाटी घेऊन धुवायला गेली.

तुला पत्र लिहायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा मी हेच लिहिलं होतं. लुटलेली इन्सास होती, नाल्याच्या वरून मारली, तू नाहीसच. दोन पानं भरली. चांगली जमली होती. मग फाडून टाकली. तुला एक खोटं सांगून मी तुझं काय केलंय ते मला आता दिसतंय, दुसरं सांगायची हिंमत नाही.

पण तुला जे माहीत नाही ते त्या गोळीने मला सांगितलं. आता नीट ऐक, उस्ताद तुझ्या टार्गेटचा कागद दाखवायचे तेव्हा ऐकायचास तसं ऐक. तिचं टोक एका बाजूने चेपून सपाट झालंय. तांब्याचं आवरण फाटलंय, आणि फाटलंय तिथे आतल्या शिशात काळी कच रुतलेली आहे. डॉक्टरांनी चिमट्याने काढून दाखवली. हाडाचा चुरा पांढरा असतो. हा दगड आहे. तू माझ्यावर नेम धरला नव्हतास, तुझा नेम चुकलाही नव्हता. त्या काळ्या दगडाआडून एकजण माझ्या डाव्या अंगाला येत होता, तू त्याच्यावर मारत होतास, आणि एक गोळी दगडाला घासून माझ्याकडे वळली. तेवढ्या अंतरावरून इन्सासची गोळी सरळ आली असती तर अंगात राहिलीच नसती. आतलं सगळं फाडून बाहेर गेली असती आणि तू माझं प्रेत आणलं असतंस. दगडाने तिचा जोर खाल्ला, म्हणून ती मणक्यापाशी थांबली. आणि तो दगडाआडचा माणूस तुझ्या फायरिंगमुळे पळाला, नाहीतर पुढच्या क्षणाला मी त्याच्या नळीसमोर होतो. माझे पाय तुझ्या गोळीने गेले, हे खरं. मी जिवंत आहे तोही तुझ्याच गोळ्यांमुळे, हेही खरं. यातलं एक दुसऱ्यातून वजा होत नाही. मी करून पाहिलंय. दोन्ही राहतात.

आता मी हे आज का लिहितोय ते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाहेदने हौसेने गोळी तळहातावर ठेवली, फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, भाईच्या पाठीतली गोळी अखेर निघाली म्हणून. माझा भाऊ साधा आहे, त्याला काय कळणार. त्याच दिवशी दुपारी तू फवारणीचं औषध प्यायलास. काजलवहिनींनी मला फोनवर विचारलं, "जाकीरभाऊ, पडले तेव्हा त्यांच्या हातात मोबाईल होता, अन् त्यात तुमच्या गोळीचा फोटो होता. असं काय होतं हो त्या फोटोत?" मी नेटवर्क नाही असं सांगून फोन ठेवला. वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे पत्र. गोपालच्या घशात नळी आहे, डोळे उघडतो पण कोणाकडे पाहत नाही, असं तुम्ही म्हणालात. म्हणून हे पत्र तुम्हालाच मोठ्याने वाचावं लागतंय. वर वाचताना तुमचा आवाज कुठे थांबला असेल ते मला ठाऊक आहे. माफ करा, दुसरा कोणी सापडला नाही. वाहेदने पत्र आणलंय, तो दवाखान्याच्या जिन्यात बसला असेल. त्याची आत यायची छाती नाही, त्याला आत बोलवा, चहा पाजा. आणि वाचून झालं की मला फोन लावून मोबाईल गोपालच्या तोंडाजवळ धरा. गोपाल, तू काही बोलायचं नाहीस. बोलता येणारच नाही. मी ऐकत राहीन. नुसता श्वास ऐकू आला तरी मला पुरे आहे.

काल, आज आणि पुढेही तुझाच,
जाकीर