फाटकापर्यंत बर्फ

प्रिय डेरेक,

टॉडमॉर्डनला अकरा दिवस सलग पाऊस आहे.

बाबा जायच्या आधीच्या शनिवारी तुझा फोन आला होता. "आई, तुमच्याकडे बर्फाचा इशारा दिलाय. पुढच्या शनिवारी नक्की येतो." डॉक्टरांनी बाबांची आठवड्याचीही खात्री दिलेली नाही, हे मी तुला सांगितलं होतं.

बर्फ पडलाच नाही, नुसती रिपरिप. मी पडदे ओढले आणि बाबांना म्हटलं, "फाटकापर्यंत बर्फ साचलाय. कसा येणार बिचारा?"

तीस हिवाळे नगरपालिकेची गाडी चालवून बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकलेला माणूस. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "मिठाची गाडी गेली का गं?"

"दोनदा गेली."

"मग ठीक." थोड्या वेळाने म्हणाले, "एडना, बर्फ पडताना पन्हळ अशी वाजत नाही. पण राहू दे. एवढी गोष्टींची पुस्तकं वाचलीस, त्याचा उपयोग झाला म्हणायचा."

गुरुवारी ते गेले.

अंत्यविधीनंतर तू शेजारच्या मॉरीनला सांगत होतास, "बर्फामुळे येता आलं नाही हो. बाबांनी समजून घेतलं असेल." बर्फ पडला की नाही, हे तू मला एकदाही विचारलं नव्हतंस. मॉरीन माझ्याकडे बघायला लागली. मी चहा ओतत म्हटलं, "हो, फार बर्फ होता."

तुझ्यासाठी मी दोनदा खोटं बोलले. पहिल्यांदा त्यांना बरं वाटावं म्हणून. दुसऱ्यांदा कशासाठी, ते मला अजून सांगता येत नाही, म्हणून हे पत्र टपालपेटीत पडणार नाही.

आई