रविवारी फोन लागणार नाही

गोरखा, दर रविवारी पाटावर फोन ठेवतोस आणि आपल्या पोशेरा गावच्या माणसांना त्याच्यापुढं डोळे मिटून बसवतोस, लाज नाही वाटत? मी वीटभट्टीवरून प्रार्थना करायची अन् तू नुसतं आमेन म्हणायचं! निघताना बायबल तुझ्या हातात दिलं, ते पेटीत ठेवायला नाही.

मला वाटलं, गाव सुटलं, माझं प्रार्थना सांगायचं काम संपलं. पण इथं भट्टीवरच्या नऊ बाया रविवारी माझ्याजवळ बसतात. त्यांना सोडून फोनवर ओरडू? म्हणून फोन बंद.

अडखळलास तर अडखळ, मीही अडखळायची. आईचा खोकला थांबला का? पहिली प्रार्थना तिच्यासाठी कर.

चिठ्ठी आणणारा जिवा शुक्रवारी परत भट्टीकडं निघेल. रविवारी तू उभा राहतोस की बायबल तुझ्या बायकोला देतोस, ते त्याच्याकडं लिहून दे.

प्रभू तुला तोंड उघडायची अक्कल देवो.

तुझी बहीण, गौरा बाय