गुलाब सोडून सगळं उचलणारं यंत्र

गुंजी,
सोमवार

तीर्थस्वरूप मनुआक्काच्या पायांशी धाकटा भाऊ नागेंद्र याचा दंडवत. (पाय कोगनोळीत आणि मी गुंजीत, म्हणून कागदावरच घालतोय. गुडघेही हल्ली तेवढीच परवानगी देतात.) इकडे सगळे खुशाल आहेत. म्हैस गाभण आहे, तुझ्या भावजयीची, जयाची, कंबर बरी आहे आणि आईनं लावलेल्या फणसाला यंदा बुडापासून फळं लगडलीत. दाजींचा खोकला कसा आहे? तुझी तब्येत विचारत नाही. गेल्या यात्रेपासून तू माझ्याशी बोलत नाहीस, आणि न बोलणाऱ्या माणसाला काही विचारलं की त्याची पंचाईत होते.

त्या भांडणात मी पुन्हा शिरणार नाही. माहेरवाशिणीला यात्रेचं बोलावणं करायला भावानं खण-नारळ घेऊन जायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण गेल्या वर्षी मांडवाचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं, म्हणून मी घरच्या ग्रुपवर छान रंगीत पत्रिका टाकली, तुझं नाव घातलं, खाली जोडलेल्या हातांची चित्रंसुद्धा लावली (दोन वेळा). त्यावर तू दाजींकरवी निरोप धाडलास, "मोबाइलनं बोलावलंय न्हवं? मग मोबाइललाच जेवाय वाढ म्हणावं." आणि मला फोनवरून, ग्रुपवरून, फेसबुकवरून, जिथून जमेल तिथून ब्लॉक केलंस. माझी चूक नव्हती, हे माझं मत आजही कायम आहे. त्या दिवशी पंगतीत तुझी जागा रिकामी बघून मला घास गेला नाही, तेही खरं आहे.

असो. पत्राचं कारण वेगळंच आहे. तुला ठाऊक नसेल (कुठून असणार?), पण मी फेसबुकवर रोज काहीबाही लिहितो. काही महिन्यांपासून 'खबर गुंजीची' नावाचं एक खातं माझं लिखाण उचलून जसंच्या तसं पुन्हा टाकतंय, आणि वर 'ताजी बातमी' असं लावतंय. मी म्हैस धुतल्याचं लिहावं आणि माझा चहा निवायच्या आत तिकडे ताजी बातमी, म्हैस धुतली! पहिल्यांदा मी फुगून गेलो. वाटलं, एवढ्या वर्षांनी कुणीतरी जाणकार वाचक भेटला. त्याचे जाहीर आभार मानले, तर त्यानं ते आभारही उचलून ताजी बातमी म्हणून टाकले.

मग घोळ सुरू झाले. शेजारच्या मष्णूच्या रेड्यानं आमच्या केळी खाल्ल्या, तेव्हा रागाच्या भरात मी त्या दोघांमधलं साम्य चार ओळींत लिहिलं. जयानं डोळे वटारले म्हणून लगेच पुसलंही. पण माझं पुसून झालं तरी तिकडची बातमी ताजीच. संध्याकाळी मष्णू दारात. "रेड्याचं राहू दे रं, नागेंद्र. पर त्याचं नाव आदी आणि माझं मागनं, ह्ये का?" त्याला चहावर चहा पाजत या अन्यायावर खुलासा देता देता घरातलं दूध संपलं. पुढे त्या खात्यानं मी फेसबुकवरही टाकलेलं गेल्या वर्षीचं यात्रेचं आमंत्रण उकरून काढलं. यात्रेचा पत्ता नाही आणि नंदगडचे यल्लाप्पा पाहुणे टेम्पो भरून जेवायला हजर. आल्या पाहुण्यांना वाढण्यावाचून इलाज नव्हता. यल्लाप्पा ढेकर देऊन म्हणाले, "यात्रा जरा बारकीच केलासा ह्या टायमाला."

शेवटी आमची सून रचना पुढे सरसावली. ती बेळगावात एका कंपनीत, कुठली जाहिरात कुणी बघितली आणि कुणी न बघताच पुढं सारली, याचा अभ्यास करते. रविवारी मांडी घालून तिनं त्या खात्याची सगळी हालचाल तपासली आणि म्हणाली, "मामा, ह्यो माणूस न्हाय. यंत्र हाय, बॉट." माझा एकुलता एक रसिक असा गेला. खात्री करायला मी नुसतं एक टिंब टाकलं. ताजी बातमी, टिंब. पण गंमत पुढेच आहे. मी रोज सकाळी 'शुभ प्रभात'चा गुलाब टाकतो, त्यातला एकही गुलाब यंत्रानं कधी उचललेला नाही. सुविचार नाहीत, राजकारणावरची माझी परखड मतंही नाहीत. फणस, म्हैस, जयाची कंबर, आईच्या खोलीची कौलं, एवढंच नेमकं वेचून नेतं. मग शास्त्रासाठी म्हणून मी 'अंगात ताप आहे' असं खोटंच लिहिलं. यंत्रानं उचललं. त्याच दुपारी कधी नव्हे तो दाजींचा फोन आला, ताप उतरला का म्हणून. योगायोग.

तर विनंती इतकीच, की तुझी ऋतिका निपाणीत कॉम्प्युटर शिकते. असलं यंत्र बंद कसं करतात, ते तिला विचारून कळवावं. थोरल्यांना नमस्कार, लहानांना माया, आणि तुला दोन्ही.

तुझा (ब्लॉक केलेला) भाऊ,
नागेंद्र

ता. क. रचना म्हणते, यंत्राला अक्कल नसते. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते कुणीतरी माणूसच त्याला सांगतो. आपल्या घराण्यात गुलाबाचा एवढा तिटकारा कुणाला, ते मी आठवून बघितलं. "सकाळ सकाळ फुलं धाडू नको रं, माझा मोबाइल काय देव्हारा हाय व्हय?" हे कोण म्हणालं होतं, आक्का?

आणखी ता. क. दाजींचा फोन साधा बटणांचा, फेसबुक त्यांच्या गावीही नाही. आणि ते बोलत होते तेव्हा मागून आवाज येत होता, "काढा घेतला काय इचारा. मी इचारलंय म्हणून सांगू नगासा." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ फणसाखाली बसून होतो. डोळ्यांत पाणी आलं. ताप नव्हता, तरी जयानं काढा पाजलाच.

शेवटची ता. क. ऋतिकाला काही विचारू नकोस, यंत्र चालू दे. ब्लॉकही राहू दे, तुझा शब्द मोडायला नको. पुढच्या महिन्यात यात्रा आहे. पण हे पत्र म्हणजे बोलावणं नव्हे. बोलावणं करायला मी येत्या रविवारी स्वतः येतोय, खण, नारळ आणि आईच्या झाडाचा फणस घेऊन. (माझी चूक नव्हती. नारळ आपला पद्धत म्हणून.) 'रविवारी कोगनोळीला निघालो' असं मी आत्ताच फेसबुकवर टाकलंय, म्हणजे पत्राच्या आधीच तुला कळलेलं असेल. तरी मी दारात दिसलो की पहिल्यांदाच कळल्यासारखी दचक, आणि स्वयंपाक मात्र आधीच करून ठेव.